मांसोपचय आणि आयुष्य : आकार पाहावा की बल?

वर्सोव्यात वैद्यकी करताना मांसधातूचे दोन नमुने कित्येकदा एकाच सकाळी आमच्यासमोर येतात. कोळीवाड्यातील साठी उलटलेला एखादा कोळी खांदा दुखतो म्हणून येतो. अंगाने शिडशिडीत, पण नाडी पाहण्यासाठी हात हाती घेताच जाळी ओढून कमावलेली पकड जाणवते. त्याच्या मागोमाग येतो यारी रोड किंवा सात बंगल्याकडचा तरुण. चित्रपटात काम मिळावे म्हणून व्यायामशाळेत घाम गाळणारा, दंड पिळदार, छाती भरदार. मात्र दोन जिने चढून आला की क्षणभर बोलवत नाही. "डॉक्टर, अजून पाच-सहा किलो मसल वाढवला तर पुढे त्रास होईल का?" हा त्याचा प्रश्न. औषधविक्रेत्या बंधूंना हाच प्रश्न डब्याच्या वा इंजेक्शनच्या मागणीच्या रूपाने ऐकावा लागतो.

या प्रश्नाचे उत्तर आपल्या संहितांत आहे. मात्र ते दोन ठिकाणी विखुरलेले असल्याने एकत्र वाचले जात नाही. विमानस्थानातील सारपरीक्षेत चरकाचार्यांनी मांससार पुरुषास आरोग्य, बल आणि दीर्घायुष्य दिले आहे. पण सूत्रस्थानातील अष्टौनिंदितीय अध्यायात अतिस्थूलाची व्याख्या करताना त्यांनी मेदाबरोबर मांसाची अतिवृद्धीही गणली आहे, आणि त्या स्थितीच्या आठ दोषांत आयुष्याचा ऱ्हास प्रथम सांगितला आहे. हा विरोध केवळ वरवरचा आहे. त्याच व्याख्येत आणखी एक अट आहे : शरीराच्या उपचयाच्या मानाने उत्साह नसणे. जेथे उपचय आणि बल यांची सांगड सुटते, तेथे निंदा सुरू होते. सारपरीक्षेचे प्रयोजन सांगतानाही, केवळ देहाचा आकार पाहून वैद्याने फसू नये, कृश व लहान शरीराचेही बलवान असतात, असे बजावून आचार्य भार वाहणाऱ्या मुंगीचा दाखला देतात. आमच्या कोळीबाबांस तो चपखल लागू पडतो.

आधुनिक अभ्यासही याच दिशेने गेले आहेत. २००६ साली प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी अभ्यासात ७० ते ७९ वयाच्या व्यक्तींत मृत्यूशी संबंध आढळला तो स्नायूंच्या बलाचा. स्नायूंच्या आकाराने त्याचा उलगडा झाला नाही. २०१५ मध्ये भारतासह १७ देशांतील सुमारे १ लाख ४० हजार लोकांची हाताची पकड मोजून केलेला अभ्यास प्रसिद्ध झाला. पकड दर ५ किलोने कमी असता मृत्यूची जोखीम सुमारे १६ टक्क्यांनी अधिक दिसली. अर्थात हा संबंध आहे, कार्यकारणभाव सिद्ध झाला असे म्हणता येणार नाही. २०२२ च्या एका संकलनात स्नायूबलवर्धक व्यायामाचा सर्वाधिक लाभ आठवड्यास ३० ते ६० मिनिटांच्या आसपास दिसतो. त्यापुढे अधिक केल्याने अधिक आयुष्य मिळते, असा आधार सापडत नाही. अर्धशक्ती व्यायामाचा उपदेश येथे कोणास आठवल्यावाचून राहणार नाही.

मग मांस वाढवूच नये काय? आपल्या लोकांबाबत तसे म्हणणे चुकीचे ठरेल. पुण्याच्या के. ई. एम. रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांच्या गटाने दाखविले, की पुण्याकडील नवजात बालके सरासरी २.७ किलोची, तर इंग्लंडमधील ३.५ किलोची, आणि ही तूट मांसात अधिक, मेदात फार थोडी. २००४ साली याज्ञिक व त्यांचे ब्रिटिश सहकारी युडकिन यांनी स्वतःचीच तुलना प्रसिद्ध केली. दोघांचा उंची-वजनाचा निर्देशांक २२.३, पण शरीरातील मेद युडकिन यांचा ९.१ टक्के, याज्ञिकांचा २१.२ टक्के! दिसण्यास कृश आणि आतून मेदस्वी अशा या प्रकृतीत प्रमेहाची वाट मोकळी असते. तिला थोडा अधिक मांसधातू लाभदायकच, कारण भोजनोत्तर शर्करेचा मोठा वाटा स्नायूच शोषून घेतात. आमच्या मते आपल्याकडील खरी व्याधी मांसाचा अतिरेक नसून मांसक्षय आहे, ओ. पी. डी.त पिळदार तरुण अधिक बोलका असतो इतकेच.

या तरुणांच्या तपासणीत एक खाचखळगा आहे. गेल्या वर्षी असाच एक जण क्रिएटिनिन १.४ आल्याने वृक्क निकामी होत असल्याचे ऐकून रडकुंडीला आला होता. क्रिएटिनिन स्नायूंतूनच उत्पन्न होते. मांसल देहात, विशेषतः क्रिएटिनचे चूर्ण घेणाऱ्यात, ते थोडे चढे असू शकते. अशा वेळी मूत्रातील अल्ब्युमिन आणि सिस्टॅटिन सी पाहावे, मगच निदान उच्चारावे. त्याचे दोन्ही अहवाल निर्दोष निघाले. उलट रक्तदाब मात्र १५० च्या पुढे होता, आणि तो कोणीच मोजला नव्हता.

कारण विचारता तिसऱ्या प्रश्नास त्याने इंजेक्शनांची कबुली दिली. येथे मांस किती, यापेक्षा ते कशाने आले याला महत्त्व येते. व्यायामशाळांत कृत्रिम संप्रेरके घेताना आढळलेल्या पुरुषांचा डेन्मार्कमधील अभ्यास २०१९ साली प्रसिद्ध झाला. त्यांचा मृत्युदर तुलनेच्या गटाच्या सुमारे तिप्पट होता. हृदयाची भित्ती जाड होणे, हितकर कोलेस्टेरॉल घटणे, रक्त घट्ट होणे आणि वृषणांची स्वाभाविक क्रिया मंदावून येणारा शुक्रक्षय हे त्याचे परिणाम. मांस वाढावे आणि शुक्र आटावे, हा धातुपोषणक्रमाचा विपर्यास नव्हे काय?

अश्वगंधेविषयी दोन शब्द. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या प्रयोगात ५७ पुरुषांपैकी अश्वगंधा-सत्त्व ३०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा घेणाऱ्यांत, व्यायामासह ८ आठवड्यांत, बल व स्नायूंचा आकार इतरांहून अधिक वाढला. द्रव्य आपले आहे म्हणून समाधान वाटते. पण सत्त्वाच्या सेवनानंतर यकृतास इजा झाल्याची वृत्तेही नोंदली गेली आहेत. कावीळ होऊन गेलेल्यास किंवा थायरॉइडची गोळी चालू असलेल्यास ते विचारपूस न करता देऊ नये. ज्या 'शुद्ध वनौषधी' चूर्णाने महिन्यात सहा किलो वाढते, त्यात वनौषधीव्यतिरिक्त काय आहे याची शंका विक्रेत्यानेच आधी घ्यावी. संप्रेरकांची इंजेक्शने तर चिठ्ठीवाचून देताच येत नाहीत.

आम्ही हल्ली टेबलावर पकड मोजण्याचे साधे यंत्र ठेवतो. आशियाई तज्ज्ञगटाने २०१९ मध्ये पुरुषांसाठी २८ किलो व स्त्रियांसाठी १८ किलो ही खालची मर्यादा ठरविली आहे. त्या कोळीबाबांनी पहिल्याच दाबात ४१ किलो दाखविले आणि खांद्याच्या तेलाची बाटली घेऊन निघाले.