किडनीत छोटी गाठ निघाली, तर लगेच किडनी काढायची?

रविवारी विहारातून निघताना शेजारच्या मावशींनी माझ्या हातात फाईल दिली. पित्ताशयात खडे आहेत का हे बघायला सोनोग्राफी केली, तर डाव्या किडनीत २.४ सेंटीमीटरची गाठ निघाली. खासगी दवाखान्यात सांगितलं, किडनी काढावी लागेल, उद्याच ॲडमिट व्हा. मुलगा व्याजाने पैसे शोधत फिरत होता. मावशींचं वय ६८, शुगर आणि बीपीच्या गोळ्या चालू, क्रिएटिनिन थोडं वाढलेलं.

"सिस्टर, कॅन्सर म्हणजे घाई करायलाच पाहिजे ना?"

४ सेंटीमीटरपर्यंतच्या आणि किडनीतच असलेल्या गाठीला बहुतेक वेळा एवढी घाई नसते. अशा साधारण ५ गाठींपैकी १ कॅन्सरची नसतेच. कॅन्सरच्या असतात त्यांतल्याही पुष्कळशा सावकाश, सरासरी वर्षाला २-३ मिलिमीटर वाढतात. म्हणजे दुसऱ्या डॉक्टरांचं मत घ्यायला वेळ असतो. मात्र नुसत्या सोनोग्राफीवर निर्णय घेऊ नये. औषध टोचून केलेला सीटी स्कॅन लागतो, आणि त्याआधी क्रिएटिनिन तपासतात. सीटीत गाठीत चरबी दिसली, तर ती बहुधा साधी गाठ असते.

मावशींना मी सरकारी रुग्णालयात युरॉलॉजिस्टकडे नेलं. त्यांनी आधी लक्ष ठेवायचं ठरवलं. वय जास्त, शुगर, गाठ लहान. अशा वेळी अख्खी किडनी काढली आणि उरलेली शुगरने थकली, तर आठवड्याला दोन-तीनदा डायलिसिस. त्यात घरच्या एका माणसाची रोजी जाते, हे मी वॉर्डात फार पाहिलंय.

पण लक्ष ठेवणं म्हणजे विसरून जाणं नव्हे. सुरुवातीला तीन ते सहा महिन्यांनी स्कॅन, मग डॉक्टर सांगतील तसं. गाठ वर्षात अर्ध्या सेंटीमीटरहून जास्त वाढली किंवा ३ सेंटीमीटरच्या पुढे गेली, तर ऑपरेशनचा विचार पुन्हा करतात. लघवीत रक्त दिसलं तर तारखेची वाट बघू नका. आपल्याकडे खाडा पडतो म्हणून तारीख चुकते, मला भीती तिचीच वाटते. "गाठ विरघळवणारी" पावडर विकणाऱ्यांच्या नादी लागू नका. मनाने पेनकिलरही घेऊ नका, किडनी त्यानेच खराब होते.

बायोप्सीबद्दल वस्तीत पक्कं बसलंय की सुई लावली की कॅन्सर पसरतो. किडनीच्या बायोप्सीत असं क्वचितच घडतं. थोडं रक्त जाऊ शकतं, म्हणून रक्त पातळ करायची गोळी चालू असेल तर आधी सांगा. कधीकधी तुकड्यातून काहीच स्पष्ट होत नाही, पुन्हा करावी लागते. उत्तर काहीही आलं तरी तुम्ही करणार तेच करणार असाल, तर बायोप्सीचा उपयोग नाही. उत्तरावर निर्णय बदलणार असेल, तर जरूर करा.

माणूस चाळिशीतला, तब्येत धडधाकट, गाठ साडेतीन सेंटीमीटरची असेल, तर पुढची कित्येक वर्षं स्कॅन काढत बसण्यापेक्षा ऑपरेशन बरं. पण सर्जनला एक प्रश्न विचारायचाच : फक्त गाठ काढून बाकीची किडनी वाचेल का? लहान गाठीत बऱ्याचदा वाचते. गाठ अगदी आत, मोठ्या रक्तवाहिन्यांजवळ असेल तर अवघड असतं, ते सर्जनने चित्र काढून दाखवावं. इथे ते जमत नसेल, तर कुठे जमतं हेही विचारा. काही ठिकाणी सुई घालून गाठ जाळतात किंवा गोठवतात. वयस्कर, अशक्त माणसाला ते सोपं पडतं. (रोबोटने केलं तरच चांगलं, असं काही नाही. हात सरावाचा हवा.)

पैशांचं म्हणाल, तर महात्मा जोतिराव फुले जनआरोग्य योजनेत कुटुंबाला वर्षाला ५ लाखांपर्यंत संरक्षण आहे, पण ठरलेल्या उपचारांना आणि योजनेतल्या रुग्णालयातच. ॲडमिट होण्याआधी आरोग्यमित्राला रेशन कार्ड आणि आधार दाखवा. आधी पैसे भरून मग योजना मागितली, की फार ओढाताण होते.

मावशींचा सहा महिन्यांनंतरचा स्कॅन मागच्या महिन्यात झाला. गाठ २.५ सेंटीमीटर. पुढची तारीख त्यांच्या नातीने भिंतीवरच्या कॅलेंडरवर लाल पेनाने गोल करून ठेवलीय.