बंदरामागची घरे मोजताना

न्हावा शेवा बंदराचे आकडे कोणालाही मिळतात. 2023-24 या वर्षात तेथे 64 लाखांहून अधिक टीईयू मालाची चढउतार झाली. टीईयू म्हणजे वीस फुटी कंटेनर. चाळीस फुटी पेटी आली की ती दोन धरायची, असा जगभरचा नियम आहे. बंदरामागच्या गावांत राहणाऱ्या माणसांची मिळकत मोजायला मात्र असे तयार माप नाही. अर्थशास्त्राच्या पदवी विद्यार्थ्याला संशोधनपद्धती खऱ्या अर्थाने शिकायची असेल, तर ती याच अडचणीपासून शिकावी लागते. नव्या शैक्षणिक धोरणानंतर महाराष्ट्रातील पदवी अभ्यासक्रमांत फिल्ड प्रोजेक्टला श्रेयांक आहेत. बंदराशेजारच्या उरण आणि फुंडे येथील महाविद्यालयांना त्यासाठी लांब जाण्याचे कारण नाही.

पहिला प्रश्न कुटुंब कशाला म्हणायचे हा. 1950 साली सुरू झालेली राष्ट्रीय नमुना पाहणी एकत्र राहणाऱ्या आणि एका चुलीवर जेवणाऱ्या माणसांना एक कुटुंब मानते. बंदरासाठी जमीन गेली तेव्हाच्या कागदावर एक खातेदार असतो. आज त्याच्या मुलांच्या तीन चुली झालेल्या असतात, एखादा भाऊ पनवेलला फ्लॅट घेऊन राहतो आणि सणाला येतो. प्रकल्पग्रस्ताचा दाखला एक आणि चुली तीन. हा फरक किरकोळ नाही. राष्ट्रीय हरित लवादाने 2015 मध्ये बंदरालगतच्या खाडीतील 1,630 मच्छीमार कुटुंबांना सुमारे 95 कोटी रुपये भरपाई देण्याचा आदेश दिला. सरासरी काढली तर कुटुंबामागे 5 लाख 80 हजारांच्या आसपास रक्कम येते, पण अशा एका कुटुंबात किती चुली आणि किती माणसे आहेत हे कळल्याशिवाय माणशी किती, ते सांगता येत नाही.

मग घरांची यादी. ग्रामपंचायतीच्या नमुना 8 मध्ये घरपट्टी भरणारा मालक असतो, भाडेकरू बहुधा नसतो. मतदार यादीत गाव सोडून गेलेले सापडतात, पण चाळीच्या एका खोलीत राहणारे उत्तर प्रदेश-बिहारचे कामगार सापडत नाहीत. म्हणून नमुना पाहणीचे कर्मचारी करतात तेच विद्यार्थ्यांनाही करावे लागते: आधी गल्लीगल्लीने फिरून स्वतः घरयादी करायची. समजा 300 घरे निघाली आणि 30 निवडायची आहेत, तर 1 ते 10 मधून चिठ्ठीने एक आकडा काढायचा. 4 आला तर चौथे, चौदावे, चोविसावे असे पुढे जायचे. कुलूप असलेले घर सोडून शेजारच्या उघड्या दारात शिरण्याचा मोह येथेच आवरावा लागतो. बंदर चोवीस तास चालते. दुपारी फक्त म्हातारी माणसे भेटतात, पाळीवर गेलेला माणूस रात्री किंवा सुट्टीच्या दिवशीच सापडतो. व्हॉट्सॲपच्या गटांवर गूगल फॉर्म फिरवून जमवलेल्या शंभर उत्तरांना नमुना म्हणण्याची पद्धत रूढ होत चालली आहे. ते फार तर मित्रमंडळाचे मत असते.

प्रश्नावलीत सर्वांत साधा दिसणारा प्रश्न ‘काय काम करता?’ हा. कंटेनर यार्डात ठेकेदाराच्या हाताखाली काम करणाऱ्याला माल आला तर हजेरी, नाहीतर नाही. गेल्या आठवड्यात तो रिकामा, वर्षाचा हिशेब घेतला तर कामावर. 1970 साली दांतवाला समितीने बेरोजगारीचा एकच एक आकडा काढू नये असे सांगितले, ते अशाच कारणांनी. समितीचे अध्यक्ष एम. एल. दांतवाला हे मुंबई विद्यापीठातले अर्थशास्त्राचे प्राध्यापक. तेव्हापासून वर्ष, आठवडा आणि दिवस अशा वेगवेगळ्या मुदतींनी विचारणा होऊ लागली. बाईला विचारले तर उत्तर येते, ‘काय नाय, घरीच असते.’ राष्ट्रीय नमुना पाहणीच्या संकेतांत निव्वळ घरकामाला 92 आणि स्वतःच्या धंद्याला 11 हे आकडे आहेत. सकाळी बाजारात मासळीचे वाटे लावून बसणारी बाई विद्यार्थ्याच्या घाईमुळे 92 मध्ये जाऊन पडते. ‘काल सकाळपासून काय काय केलंत?’ असे विचारले तर ती 11 मध्ये येते.

खाडीचे उत्पन्न मोजणे हा या भागातला खरा कस आहे. मासळी वाट्यावर विकली जाते. वाटा हातावर असतो, तराजूवर नाही, आणि गिऱ्हाईक घासाघीस करू लागले की त्यात आणखी दोन बोंबील पडतात. घरच्या कालवणासाठी ठेवलेली मासळी तर हिशेबातच येत नाही. तिला स्थानिक भावाने किंमत लावून उत्पन्नात धरावे लागते. त्याहून नाजूक गोष्ट मुदतीची. डोल जाळ्याची मासेमारी पाण्याच्या ओढीवर चालते. अमावास्या-पौर्णिमेच्या उधाणात ओढ जोरात, अष्टमीच्या सुमाराच्या भांगात मंद. ‘गेल्या सात दिवसांत किती मिळाले?’ हा प्रश्न उधाणानंतर विचारला की कोळी सुखवस्तू ठरतो आणि भांगानंतर विचारला की गरीब. पंधरवडा धरला तर उधाण आणि भांग दोन्ही येतात. जून-जुलैच्या मासेमारी बंदीत यांत्रिक होड्या किनाऱ्याला असतात, ते महिने वेगळे विचारावे लागतात. मुदतीचा हा घोळ मोठ्या पाहण्यांनाही चुकलेला नाही. राष्ट्रीय नमुना पाहणीच्या 1999-2000 च्या 55 व्या फेरीत अन्नखर्च 7 दिवस आणि 30 दिवस अशा दोन्ही मुदतींसाठी एकाच तक्त्यात विचारला गेला आणि देशातील गरिबी किती घटली यावर अर्थतज्ज्ञ पुढे कित्येक वर्षे वाद घालत राहिले.

‘बंदर आल्यामुळे तुमचे उत्पन्न घटले का?’ असे विचारले तर प्रश्नातच उत्तर असते. आधीचे आणि आताचे वेगवेगळे विचारावे लागते, आणि ‘आधी’ म्हणजे 1989 पूर्वीचे, बंदर सुरू होण्याआधीचे. इतक्या जुन्या काळाचे सन कोणाला आठवत नाही. जानेवारी 1984 चे जमीन संपादनाविरुद्धचे शेतकरी आंदोलन, दास्तान फाट्यावरचा गोळीबार आणि पाच हुतात्मे मात्र साऱ्यांच्या लक्षात आहेत. ‘आंदोलनाच्या साली घरात होड्या किती होत्या?’ या प्रश्नाला उत्तर मिळते. तरीही बंदर नसते तर काय झाले असते, हे या उत्तरांतून निघत नाही. त्यासाठी बंदर नसलेल्या किनाऱ्यावरचे एखादे गाव तुलनेला घ्यावे लागते, आणि पदवीच्या प्रकल्पात तेवढा वेळ क्वचितच असतो.

दारात पहिला सवाल विद्यार्थ्यालाच होतो: ‘सिडकोकडून आलात का?’ सिडको म्हणजे नवी मुंबईसाठी जमिनी घेणारी सरकारी संस्था; फॉर्म घेऊन आलेल्या माणसामागून जमिनीची मोजणी आली, असा येथला अनुभव आहे. 2024 मध्ये उरण, पनवेल, पेण तालुक्यांतील 124 गावांच्या नव्या नगराची अधिसूचना निघाल्यावर हा संशय वाढला. म्हणून ओळखपत्र, कॉलेजचे पत्र, नाव न लिहिण्याची हमी आधी द्यावी. जमीन आणि पैसा शेवटी विचारावा. चहा झाल्यावर उत्तरे बदलतात, हेही टिपून ठेवावे.

पुढचे काम संगणकावरचे. समजा दहापैकी नऊ घरांचे मासिक उत्पन्न 15 हजार आणि एकाने गेलेल्या जमिनीच्या बदल्यात मिळालेल्या साडेबारा टक्क्यांच्या भूखंडावर इमारत बांधून 3 लाख भाडे सुरू केलेले. सरासरी 43 हजार 500 निघते, मध्यक 15 हजारच राहतो. अहवालात दोन्ही द्यावेत. नमुना तीस घरांचा असेल तर निष्कर्ष त्या गावापुरते ठेवावेत, उरण तालुक्याच्या नावाने लिहू नयेत. प्रश्नावली, घरयादी आणि उत्तर न मिळालेल्या घरांची संख्या परिशिष्टात जोडावी.