वजनकाट्याला न दिसणारी चरबी

'लॅन्सेट' या वैद्यकीय नियतकालिकाने २००४ साली दोन डॉक्टरांचा एकत्र फोटो छापला. एक पुण्याच्या केईएम रुग्णालयातले मधुमेहतज्ज्ञ डॉ. चित्तरंजन याज्ञिक, दुसरे लंडनचे डॉ. जॉन युडकिन. दोघांचाही बीएमआय, म्हणजे उंचीच्या मानाने वजन किती हे सांगणारा आकडा, २२.३. कागदावर दोघेही सारखेच निरोगी, सारखेच सडपातळ. पण डेक्सा नावाच्या सौम्य क्ष-किरण तपासणीत युडकिन यांच्या शरीरात ९.१ टक्के चरबी निघाली आणि याज्ञिक यांच्या शरीरात २१.२ टक्के. दुपटीहून जास्त! युडकिन मॅरेथॉन धावायचे, हे खरं. पण भारतीय शरीराची ठेवणच वेगळी आहे, हे त्या एका फोटोने जगभरच्या डॉक्टरांना दाखवून दिलं. वैद्यकीय वर्तुळात तो फोटो आजही दाखवला जातो.

बीएमआय हा आकडा मुळात एकेका माणसासाठी नव्हताच. एकोणिसाव्या शतकात अडॉल्फ केटले या बेल्जियन संख्याशास्त्रज्ञाने लोकसमूहांची सरासरी काढताना हे गणित मांडलं आणि १९७२ साली अमेरिकेच्या अँसेल कीज यांनी त्याला आजचं नाव दिलं. पैसा लागत नाही, यंत्र लागत नाही, म्हणून तो दवाखान्यादवाखान्यांत पोचला. पण वजनातला किती भाग हाडांचा, किती स्नायूंचा, किती चरबीचा, हे त्याला कळत नाही. आणि ती चरबी कुठे बसली आहे, हा त्याहून महत्त्वाचा प्रश्न तर त्याच्या आवाक्यातच नाही.

चरबी कुठे आहे यावर सगळं अवलंबून असतं. कातडीखाली, मांड्यांवर, नितंबांवर साठलेली चरबी बऱ्याच अंशी निरुपद्रवी असते. पोटाच्या आत आतड्यांभोवती साठणारी चरबी मात्र घातक. तिथून निघणारी मेदाम्लं थेट यकृताकडे जाणाऱ्या रक्तात मिसळतात, यकृतातच चरबी साठू लागते, इन्सुलिनला शरीर दाद देईनासं होतं. जपानमध्ये ओसाकाच्या युजी मात्सुझावा यांच्या गटाने १९८० च्या दशकात सीटी स्कॅनने पोटाचे आडवे छेद घेऊन या दोन चरबी वेगवेगळ्या मोजायला सुरुवात केली. सुमो पैलवानांची पोटं अवाढव्य असली, तरी सराव चालू असेतोवर त्यांची बहुतेक चरबी कातडीखालीच असते, हेही अशाच तपासण्यांतून दिसलं.

सीटी स्कॅनची अडचण म्हणजे किरणोत्सर्ग. धडधाकट माणसाला केवळ चरबी मोजण्यासाठी पुन्हापुन्हा क्ष-किरणांखाली झोपवणं कुणालाच पटणार नाही. एमआरआयमध्ये ती भीती नाही, कारण तिथे काम करतात ते चुंबक आणि रेडिओलहरी.

त्यामागचं विज्ञान मोठं देखणं आहे. आपल्या शरीरातला बहुतेक हायड्रोजन दोन ठिकाणी असतो, पाण्यात आणि चरबीत. नेहमीच्या १.५ टेस्ला यंत्राचं चुंबकीय क्षेत्र पृथ्वीच्या क्षेत्राच्या सुमारे तीस हजार पट असतं. त्यात हायड्रोजनची अणुकेंद्रकं सेकंदाला सुमारे ६.४ कोटी वेळा गिरकी घेतात. चरबीतल्या हायड्रोजनची गिरकी मात्र पाण्यातल्यापेक्षा किंचित संथ असते. दहा लाखांत जेमतेम साडेतीन इतकाच हा फरक, म्हणजे सेकंदाला सुमारे २२० गिरक्यांचा. दिंडीतल्या दोन टाळकऱ्यांपैकी एकाची लय केसभर संथ असेल, तर काही वेळाने त्यांचे टाळ एकाआड एक वाजू लागतात आणि पुढे पुन्हा एकत्र येतात. पाणी आणि चरबी यांचे संदेशही असेच कधी एकमेकांत मिसळतात, कधी एकमेकांना छेद देतात. टॉम डिक्सन यांनी १९८४ साली सुचवलं, की या दोन्ही क्षणांचं चित्र घ्यावं. दोन्ही चित्रांची बेरीज केली की नुसतं पाणी उरतं, वजाबाकी केली की नुसती चरबी. स्नायू पाण्याच्या चित्रात उठून दिसतात, मेद चरबीच्या चित्रात. सुई नाही, रसायन नाही. खडखडाट करणाऱ्या बोगद्यात झोपायचं, सांगितलं की श्वास रोखायचा, एवढंच.

मानेपासून गुडघ्यापर्यंतची अशी चित्रं काही मिनिटांत मिळतात. अवघड काम होतं ते पुढचं. एकेका छेदावर चरबीच्या कडा हाताने आखत बसावं लागे आणि एका माणसामागे कितीतरी तास जात. आता संगणकच ते करतो. पोटाच्या आतली चरबी किती लिटर, मांडीच्या स्नायूंचं आकारमान किती, स्नायूंत चरबी किती शिरली, यकृतात किती टक्के मेद आहे, असे वेगवेगळे आकडे हाती येतात. स्वीडनच्या लिंशोपिंग शहरातल्या 'आम्रा' कंपनीने या कामात आघाडी घेतली. ब्रिटनच्या 'यूके बायोबँक' प्रकल्पाने २०१४ पासून स्वयंसेवकांचे असे स्कॅन घ्यायला सुरुवात केली आणि २०२५ मध्ये एक लाखाचा टप्पा पूर्ण केला. हे लोक आधीपासून प्रकल्पात आहेत, त्यांच्या रक्ताचे नमुने, जनुकं, पुढे झालेले आजार या सगळ्याची नोंद आहे. त्यामुळे आज दिसणारी चरबी उद्याच्या कोणत्या दुखण्याशी जोडलेली आहे, हे तपासता येतं.

पण मराठी वाचकाच्या दृष्टीने सगळ्यात मोलाचे स्कॅन एक लाखांचे नाहीत. ते आहेत पुण्यातल्या मूठभर तान्ह्या बाळांचे.

डॉ. याज्ञिक आणि त्यांचे सहकारी १९९३ पासून पुण्याजवळच्या सहा गावांमधल्या आयाबाळांचा अभ्यास करत आले आहेत. तिथली बाळं जन्मतः सरासरी २.७ किलोंची, तर इंग्लंडच्या साउथॅम्प्टनमधली साडेतीन किलोंची. आपली बाळं काटकुळी, हातापायांचे स्नायू कमी. पण पाठीवरच्या कातडीची चिमूट घेऊन मोजलं तेव्हा चरबी मात्र वजनाच्या मानाने फारशी कमी भरली नाही. मग लंडनच्या नीना मोदी, जिमी बेल आणि याज्ञिक यांनी मिळून पुण्यातल्या आणि लंडनमधल्या निरोगी नवजात बाळांचे पूर्ण शरीराचे एमआरआय केले. २००९ साली निष्कर्ष प्रसिद्ध झाले. पुण्याची बाळं वजनाने हलकी होती, तरीही त्यांच्या पोटावर आणि पोटात युरोपीय बाळांपेक्षा जास्त चरबी होती.

जन्माला येऊन दोन आठवडेही न झालेल्या जिवाने ना वडापाव खाल्लेला असतो, ना दिवसभर खुर्चीत बसून काम केलेलं असतं. म्हणजे ही घडण आईच्या पोटातच सुरू होते. गर्भारपणात आईला काय खायला मिळालं, तिच्या शरीरात कोणती जीवनसत्त्वं कमी पडली, याचा हिशेब बाळाच्या शरीरात मांडला जातो. मधुमेह झालेल्या प्रत्येकाला 'तुमच्याच खाण्यापिण्याचं फळ' म्हणून टोचणाऱ्यांनी हे लक्षात ठेवलं पाहिजे. आयसीएमआरच्या २०२३ साली प्रसिद्ध झालेल्या पाहणीनुसार भारतात १०.१ कोटी लोकांना मधुमेह आहे. त्यात अंगाने बारीक असलेल्यांची संख्या मोठी आहे आणि 'मी कुठे जाड आहे?' या भ्रमात त्यांची वर्षं वाया जातात.

एवढं कळून उपयोग काय, याचं उत्तर इंग्लंडमधल्या न्यूकॅसलहून आलं. तिथले प्राध्यापक रॉय टेलर यांनी ११ मधुमेही रुग्णांना आठ आठवडे दिवसाला जेमतेम ६०० कॅलरींवर ठेवलं आणि डिक्सन पद्धतीच्या एमआरआयने त्यांचं यकृत आणि स्वादुपिंड पुन्हापुन्हा तपासलं. पहिल्या आठवड्यातच उपाशीपोटीची साखर जवळपास नेहमीच्या पातळीवर आली. आठ आठवड्यांत यकृतातली चरबी १२.८ टक्क्यांवरून २.९ टक्क्यांवर उतरली आणि इन्सुलिन पुन्हा नीट स्रवू लागलं. हा प्रयोग २०११ चा. पुढे याच गटाने फारशा जाड नसलेल्या, सरासरी २४.८ बीएमआय असलेल्या २० मधुमेहींवर तसाच प्रयोग केला. वजन दहा-अकरा टक्क्यांनी उतरल्यावर त्यांतल्या १४ जणांची साखर औषधांशिवाय आटोक्यात राहिली. प्रत्येक शरीराची चरबी सोसण्याची मर्यादा वेगळी असते, ती ओलांडली की बारीक माणसालाही मधुमेह होतो, असं टेलर मांडतात. आपल्यासारख्यांची ही मर्यादा बहुधा खालच्या पायरीवर आहे. (असा कडक आहार डॉक्टरांच्या देखरेखीखालीच घ्यायचा असतो, विशेषतः औषधं चालू असताना.)

व्यायामाबद्दलही एमआरआयने मोठा दिलासा दिला आहे. कॅनडातल्या रॉबर्ट रॉस यांच्या गटाने २००० साली दाखवलं, की तीन महिने नियमित व्यायाम करणाऱ्या स्थूल पुरुषांचं वजन मुद्दाम तेवढंच राखलं, तरी त्यांच्या पोटातली चरबी कमी झाली. चार महिने रोज पहाटे टेकडी चढूनही काटा हलत नाही म्हणून चालणं सोडून देणाऱ्या मंडळींना हे कुणीतरी आवर्जून सांगायला हवं.

आता स्नायूंकडे वळू. त्यांची मोजदाद चरबीइतकीच महत्त्वाची, पण आपल्याकडे तिची चर्चा फारच कमी. २००० सालीच अमेरिका आणि कॅनडातल्या संशोधकांनी १८ ते ८८ वयाच्या ४६८ जणांचे पूर्ण शरीराचे एमआरआय करून स्नायूंचं वजन काढलं. पुरुषांत ते सरासरी ३३ किलो भरलं, स्त्रियांत २१ किलो. पन्नाशीच्या सुमारास घट ठळक होऊ लागते आणि ती हातांपेक्षा पायांत जास्त असते. जेवणातली साखर सर्वाधिक खेचून घेणारा अवयव म्हणजे स्नायूच. तो आटला की मधुमेहाला वाट मोकळी होते आणि म्हातारपणी पडण्याची भीती वाढते. २०२५ मध्ये वजन उतरवणारी टिर्झेपटाइड आणि सेमाग्लुटाइडची इंजेक्शनं भारतात आली, तेव्हापासून हा मुद्दा जास्तच निकडीचा झाला आहे. या औषधांच्या चाचण्यांत उतरलेल्या वजनातला सुमारे पंचवीस ते चाळीस टक्के भाग चरबीचा नव्हता. त्यात पाणीही असतं आणि स्नायूही; त्यातला खरा स्नायू किती, हे अचूक सांगू शकतो तो एमआरआय.

म्हणून उद्याच जाऊन पूर्ण शरीराचा स्कॅन करून घ्यावा का? या लेखाचं उत्तर 'नाही' असं आहे. धडधाकट माणसांना 'फुल बॉडी एमआरआय'ची पॅकेजेस आता मोठ्या शहरांत विकली जातात. लक्षणं नसलेल्यांना अशा तपासणीचा सल्ला देण्याइतका पुरावा नाही, असं अमेरिकेतल्या रेडिओलॉजिस्टांच्या संघटनेने २०२३ मध्ये स्पष्ट सांगितलं आहे. स्कॅनमध्ये कुठेतरी निरुपद्रवी गाठ दिसते आणि तिच्यामागे सोनोग्राफी, बायोप्सी, खर्च आणि घरादाराची झोप उडवणारी काळजी लागते. पेसमेकर किंवा शरीरात धातूचा तुकडा असलेल्यांना तर आधी डॉक्टरांना विचारल्याशिवाय या यंत्राजवळ जाताच येत नाही. एमआरआयचा खरा उपयोग मोजक्या जागी आहे: संशोधनात, औषधांच्या चाचण्यांत आणि यकृतातल्या चरबीचा नेमका आकडा उपचारासाठी हवा असेल तिथे. सोनोग्राफीला थोडी चरबी अनेकदा दिसत नाही. एमआरआय ती पाच टक्क्यांच्या आसपासही पकडतो.

त्या महागड्या यंत्राने जे शिकवलं ते मात्र शिंप्याच्या टेपने घरोघरी वापरता येतं. शेवटची बरगडी आणि कमरेचं हाड यांच्या मधोमध, कपडे बाजूला करून, श्वास सहज सोडल्यावर टेप लावावा. पोट आत ओढू नये. भारतीय पुरुषांसाठी ९० सेंटिमीटर आणि स्त्रियांसाठी ८० सेंटिमीटर ही मर्यादा मानली जाते. स्नायूंसाठी हात छातीशी धरून खुर्चीतून पाच वेळा उठून बसावं. आशियाई तज्ज्ञांच्या निकषांनुसार १२ सेकंद किंवा त्याहून जास्त लागले, तर पायांतली ताकद कमी झाली आहे असं समजावं. घेर मर्यादेबाहेर असेल आणि आई-वडिलांपैकी कुणाला मधुमेह असेल, तर वजनकाटा काहीही म्हणो, उपाशीपोटीची साखर आणि एचबीएवनसी या दोन तपासण्या याच महिन्यात करून घ्या. घरातल्या बारीक माणसाचा घेरही मोजा.