मुंढा चुकलाय!

‘‘मॅडम, कोडिंगच करायचं असतं तर आम्ही इंजिनीअरिंगला गेलो नसतो का?’’ पहिल्याच तासाला एका मुलीनं तोंडावर विचारलं. आर्किटेक्चरच्या मुलांना मी डिझाइनसाठी प्रोग्रॅमिंग शिकवते. तिचा मला राग आला नाही. कारण एकेकाळी मीही अगदी हेच म्हणत असे.

तेव्हा एका बंगल्याच्या खिडकीसाठी मी पत्र्याची जाळी काढली होती. वरून खाली मोठी होत जाणारी पाचशेवर भोकं, ऑटोकॅडवर एकेक करून काढलेली. तीन रात्री गेल्या. आणि मालकीणबाई म्हणाल्या, ‘‘खिडकी फूटभर रुंद करू या का?’’ झालं! सगळं पहिल्यापासून. घरी मुलाची परीक्षा, त्यात हे. खोटं कशाला सांगू, मी चक्क रडले.

खरं तर असली कंटाळवाणी कामं करून घ्यायला ऑटोकॅडमध्ये १९८६ पासून ऑटोलिस्प ही भाषा आहे. पण कॉलेजात आम्हाला कुणी शिकवलीच नाही. पुढे चाळिशीत मी ग्रासहॉपर शिकले. डेव्हिड रुटेन यांनी राइनो या सॉफ्टवेअरसाठी केलेलं हे साधन २००७ मध्ये आलं. त्यात भराभर ओळी टाइप कराव्या लागत नाहीत. पडद्यावरच्या छोट्या चौकटी तारांनी जोडत जायचं.

त्या मुलीला मी विचारलं, ‘‘घरी कुणी शिवणकाम करतं?’’

‘‘आई ब्लाउज शिवते.’’

‘‘मग प्रत्येक बाईसाठी ती नवी पद्धत काढते का?’’

नाही ना! छातीच्या मापाचा चौथा भाग, वर शिलाईचं आणि सैलपणाचं. नियम तोच, माप बदललं की कटिंग बदलतं. जाळीचंही तेच. खिडकीची रुंदी, भोकांची संख्या ही मापं. भोक कुठे किती मोठं, हा नियम. रुंदी बदला, जाळी क्षणात नव्यानं मांडली जाते.

मुलगी रंगली. भोकं मोठी करत सुटली. दोन भोकांमध्ये जेमतेम एक मिलिमीटर पत्रा उरला, तरी संगणक गप्प! पत्रा कापतानाच वाकेल, हे त्याला कोण सांगणार? ‘‘इतकी जागा सोडायचीच’’ हा नियमही आपणच घालायचा. त्यासाठी पत्रा हाताळलेला असावा लागतो.

पुढच्या आठवड्यात तिनं आपणहून ब्लाउजच्या कटिंगचाच प्रोग्रॅम केला. छातीचं माप वाढवलं की सगळंच त्या प्रमाणात वाढायचं. मोठ्या कौतुकानं आईला दाखवला. आईनं हातातली कात्री खाली ठेवली, पडद्याकडे बघितलं आणि म्हणाली, ‘‘मुंढा चुकलाय गं! छाती वाढली म्हणून मुंढा तेवढाच वाढत नाही.’’

मुलीनं हसत हसत मला हे सांगितलं. मग वही काढली आणि म्हणाली, ‘‘मॅडम, मुंढ्याचा नियम आईकडून लिहून आणलाय. कुठे जोडायचा?’’