हलाखी म्हणजे नेमकं काय?

एमएसडब्ल्यूच्या, म्हणजे समाजकार्यातल्या पदव्युत्तर पदवीच्या, पहिल्या सत्रातले क्षेत्रकार्याचे अहवाल चाळले, की एक वाक्य हमखास सापडतं : ‘कुटुंबाची परिस्थिती हलाखीची आहे.’ चांगला पर्यवेक्षक नेमकी त्याखाली रेघ ओढतो. कमावतं कोण? भाडं किती थकलंय? रेशनकार्डावर नावं कुणाची? सासू बोलत होती तेव्हा सून कुठे होती? उत्तरं नसतात, म्हणून पुन्हा गृहभेट. आठवड्यातले साधारण दोन दिवस वस्तीत, रुग्णालयात नाहीतर एखाद्या संस्थेत. मग त्याचं रेकॉर्डिंग, मग पर्यवेक्षकासमोर उलटतपासणी. व्यक्तिसहाय्य कार्याचे सिद्धांत वर्गात कळतात, पण दिसलं काय आणि आपण धरून चाललो काय, हे वेगळं काढायची सवय या कंटाळवाण्या वहीतच लागते. मुंबईतली सर दोराबजी टाटा ग्रॅज्युएट स्कूल ऑफ सोशल वर्क, म्हणजे आजची ‘टिस’, १९३६मध्ये नागपाड्याच्या दाट वस्तीत सुरू झाली. शिकायची जागा आणि कामाची जागा तेव्हापासूनच शेजारी होत्या.

बाबा आमट्यांनी कुठे एमएसडब्ल्यू केलं होतं, असं यावर विचारलं जातं. नव्हतंच केलं. पण जो माणसांबरोबर आयुष्यभर राहतो, त्याला आपला चुकलेला अंदाज सुधारायला वर्षं मिळतात. याउलट, बालकल्याण समितीसमोर आलेल्या मुलाची सामाजिक तपासणी २०१५च्या बाल न्याय कायद्यानुसार १५ दिवसांत पुरी करायची असते. तेवढ्यात लिहिलेल्या कागदाच्या आधारे मूल घरी जाणार की संस्थेत, हे ठरू शकतं. तिथे नुसती तळमळ पुरत नाही. ‘आई बेफिकीर वाटली’ असं लिहिणाऱ्याला ‘कशावरून?’ हे कुणीतरी आधीच, आणि अनेकदा, विचारलेलं असावं लागतं.

लिहिण्यात जीव जातो आणि माणूस बाजूला राहतो, हा आक्षेप मात्र निम्मा खरा आहे. पर्यवेक्षक फक्त तास मोजून सही करत असेल, तर वरच्या वर्गाच्या फायलीतून अहवाल उतरवले जाणारच. मुलं काही खुळी नसतात. पण तो दोष वहीचा नव्हे, ती न वाचण्याचा. खरी पंचाईत पुढे, पहिल्या नोकरीत होते. प्रकल्पाच्या मुदतीपुरतं कंत्राट आणि महिनाअखेरीला भरायचा तक्ता : गृहभेटी किती, लाभार्थी किती, बैठका किती. सून कुठे होती, हे लिहायला त्यात रकानाच नसतो.