फाइलचं नाव बदललं, मॅक्रो अडला

मार्च उजाडला की रत्नागिरीहून हापूसच्या पेट्या वाशीच्या बाजाराकडे निघतात आणि मागोमाग दलालांच्या विक्रीच्या पट्ट्या येऊ लागतात. समजा, एखाद्या बागायतदाराने हा हिशेब एक्सेलमध्ये मांडला, बेरजांसाठी मॅक्रोही लिहिला. पुढच्या हंगामात त्याने ‘आंबा २०२४’ची प्रत काढून तिला ‘आंबा २०२५’ नाव दिलं, बटण दाबलं, तर ‘रनटाइम एरर ९’!

मॅक्रोत जुन्या फाइलचं नाव जसंच्या तसं लिहिलेलं असतं. एक्सेल उघड्या फाइलींमध्ये तेच शोधतं आणि सापडलं नाही की ही एरर देतं. जुनी फाइलही उघडी असली तर प्रकरण अधिक वाईट. एरर येत नाही, नवे आकडे गुपचूप गेल्या वर्षीच्या हिशेबात जाऊन पडतात.

मॅक्रो ज्या भाषेत लिहितात ती व्हीबीए एक्सेलमध्ये १९९३ साली आली. तिच्यात यावर उपाय म्हणून ‘धिसवर्कबुक’ हा शब्द आहे: ज्या फाइलमध्ये मॅक्रो राहतो ती फाइल, नाव काहीही असो. ‘ॲक्टिव्हवर्कबुक’ म्हणजे त्या क्षणी पुढ्यात असलेली फाइल. घाईत दोन्हींची गल्लत हमखास होते. मॅक्रो सामाईक ‘पर्सनल’ फाइलमध्ये ठेवला असेल, तर मात्र ‘ॲक्टिव्हवर्कबुक’च हवं, कारण तिथे ‘धिसवर्कबुक’ त्या सामाईक फाइलकडेच बोट दाखवतं.

शीटच्या टॅबचंही तसंच. ‘एप्रिल’चं ‘मे’ केलं की मॅक्रो अडतो. शीटचं कोडनेम, म्हणजे टॅबवरच्या नावाहून वेगळं असलेलं व्हीबीएतलं नाव, वापरलं असेल तर अडत नाही.