मुक्त लेखकाचे काम आणि मोबदला



"लिहून पोट भरते का?" हा प्रश्न आपल्याकडे मुलीचे वडील विचारतात, आणि उत्तर येण्यापूर्वीच दुसरे स्थळ पाहू लागतात. त्यांना मी दोष देत नाही. परंतु त्या प्रश्नाच्या आधीचा एक प्रश्न आहे व तो सहसा कोणी विचारीत नाही. ज्याला नोकरी न करता लेखणीवर चार पैसे मिळवावयाचे आहेत, त्याला काम मिळते कोठे, आणि केलेल्या कामाचे पैसे पदरात पडतात कसे? गेली काही वर्षे मी भाषांतरे करून गुजराण करतो. त्या अनुभवातून जे कळले तेवढेच आज सांगावयाचे आहे.

मुक्त लेखक म्हटला की आपल्या डोळ्यांपुढे दिवाळी अंक उभा राहतो. काशिनाथ रघुनाथ मित्र यांनी १९०९ साली 'मनोरंजन'चा दिवाळी अंक काढला, तेव्हापासून मराठी लेखकाचा हा मोठा सण झाला आहे. पण दिवाळी वर्षातून एकदा येते आणि भूक रोज लागते. शिवाय तेथे जे मिळते त्याला आपण मानधन म्हणतो. शब्द मोठा सोयीचा आहे. त्यात मानही आहे आणि धनही आहे. मात्र मान आधी येतो, आणि पुष्कळदा तो येऊनच थांबतो.

रोजची भाकरी देणारे लेखन निराळे आहे, आणि त्यावर लेखकाचे नाव नसते. बँकेत खाते उघडण्याचा अर्ज आपण भरतो. तो इंग्रजी, हिंदी आणि प्रादेशिक भाषा अशा तिन्हींत असला पाहिजे असा रिझर्व्ह बँकेचा दंडक आहे. म्हणजे तो मराठीत कोणीतरी लिहिला. नव्या औषधाची माणसांवर चाचणी घ्यावयाची, तर त्या माणसाला समजेल अशा भाषेत त्याची लेखी संमती घ्यावी लागते. हे संमतिपत्र बहुधा इंग्रजीत तयार होते. त्याचे मराठी कोणीतरी करतो. मग पुष्कळदा ते मराठी दुसऱ्या भाषांतरकाराकडे जाते, तो मूळ न पाहता त्याचे परत इंग्रजी करतो, आणि दोन्ही इंग्रजी मजकूर शेजारी ठेवून फरक पाहतात. एखाद्या शेतमजूर बाईला 'तुम्ही केव्हाही यातून बाहेर पडू शकता' हे वाक्य नेमके कळले की नाही, यावर तिचा जीव अवलंबून असू शकतो. हे काम कादंबरीपेक्षा हलके आहे असे मला मुळीच वाटत नाही.

असे काम मिळवावयाचे कसे? "मी कोणत्याही विषयावर लिहू शकतो" असे जो कळवितो, त्याला कोणी कोणताच विषय देत नाही. ज्याने वीस वर्षे सहकारी पतपेढीत हिशेब लिहिले त्याने ते पहिल्या ओळीत सांगावे. जी परिचारिका होती तिने रुग्णालयाचे नाव घालावे. पत्र चार ओळींचे असावे व सोबत केलेल्या कामाचा पानभर नमुना असावा. नमुना मात्र आपण निवडलेला. पाहण्यासाठी म्हणून दहा-दहा पाने दहा जणांकडून फुकट लिहून घ्यावयाची आणि शंभर पानांचे पुस्तक उभे करावयाचे, हा उद्योग करणारे लोक आहेत.

याहून वाईट लोकही आहेत. घरबसल्या लेखन-टंकलेखनाचे काम देतो म्हणून नोंदणीचे पैसे घेतात, करारावर सही घेतात, आणि मग चुका निघाल्या म्हणून दंड मागून कोर्टाची भीती घालतात. लिहिण्यासाठी लेखकाने पैसे भरावयाचे नसतात, एवढे ध्यानात ठेवले तरी पुष्कळांचे नुकसान टळेल. इंटरनेटवरच्या बोलीच्या बाजारात काही ठिकाणी काम देणाऱ्याची रक्कम आधीच मध्यस्थाकडे जमा होते, ही गोष्ट चांगली आहे. पण तेथे सातारच्या लेखकाला मनिलाच्या लेखकाच्या खाली बोली लावावी लागते, आणि दर उतरू लागला की त्याला तळ नसतो. त्यात २०२२ च्या अखेरीपासून यंत्रे मजकूर लिहू लागली. आता यंत्राचा कच्चा खर्डा पाठवून "फक्त तपासा" म्हणतात आणि निम्मा दर देऊ करतात. तपासावयाला बसावे तर मूळ काढून पुन्हा लिहिण्याइतकाच वेळ जातो.

दर ठरविताना शब्द मोजू नयेत, दिवस मोजावेत. समजा, ८०,००० शब्दांचे पुस्तक आहे आणि शब्दाला ५० पैसे मिळणार आहेत. ४०,००० रुपये ऐकावयाला बरे वाटतात. रोज १,००० शब्द झाले तरी ८० दिवस गेले, पुनर्लेखन आणि मुद्रिते तपासणे यांत आणखी २० गेले. १०० दिवसांत ४०,०००, म्हणजे दिवसाला ४०० रुपये! हा हिशेब करावयाला दुसऱ्यांना काय मिळते हे ठाऊक असावे लागते, आणि येथेच आपली अडचण आहे. दोन गवंडी भेटले तर पहिल्या विडीला मजुरी विचारतात. दोन लेखक भेटले तर शैलीविषयी बोलतात. माझी चांगली कामे जाहिरातीतून आली नाहीत. ज्यांच्याजवळ लाज सोडून दर विचारला, अशा भाषांतरकारांकडून आली. कोण पैसे बुडवतो हेही त्यांनीच सांगितले.

मला ते उशिरा कळले. माझे एक तीनशे पानांचे भाषांतर एका प्रकाशकाने तोंडी बोलीवर घेतले. पहिला हप्ता आला, दुसरा आला नाही. तीन वर्षांनी रेल्वे स्टेशनावरच्या दुकानात मला त्याची तिसरी आवृत्ती दिसली. मी ती विकत घेतली! मग १९५७ चा कॉपीराइट कायदा वाचला. भाषांतरावर भाषांतरकाराचा स्वतःचा हक्क असतो. तो दुसऱ्याला देणे लेखी आणि सही केलेले असल्याखेरीज ग्राह्य नाही. कागदावर मुदत लिहिलेली नसेल तर ती ५ वर्षांची धरतात, आणि प्रदेश लिहिलेला नसेल तर भारतापुरता. माझ्याजवळ कागदच नव्हता, आणि मौज अशी की, त्यांच्याजवळही नव्हता.

तेवढेच एका पत्रात लिहून मी पाठविले. चौथ्या दिवशी फोन आला. बाई अगत्याने बोलल्या आणि म्हणाल्या, "सर, मानधनाचं राहूनच गेलं होतं." मी म्हटले, "मानधन नको, मोबदला द्या. आणि सोबत करारपत्र पाठवा." करारपत्र आले. त्यात मुदतीची जागा कोरी होती. मी तीत ३ वर्षे असे लिहिले, सही केली, आणि एक प्रत ठेवून घेतली.